आधी फायली, मग लॅपटॉप

लॅपटॉप सुरू होईनासा झाला की घरात धावपळ उडते ती तो सुरू करण्यासाठी. बटण पुन्हा पुन्हा दाबले जाते, चार्जर बदलून पाहिला जातो, संगणकातले थोडेफार कळणारा भाचा किंवा शेजारी येऊन काहीबाही करून बघतो आणि शेवटी लॅपटॉप कोपऱ्यावरच्या दुकानात जातो. दुकानदार म्हणतो, ‘विंडोज मारावी लागेल.’ आपण हो म्हणतो. संध्याकाळी लॅपटॉप नव्यासारखा चालू होऊन घरी येतो आणि आत काहीच नसते. मुलीच्या प्रबंधाचा मसुदा, आजोबांच्या पंचाहत्तरीचे फोटो, सोसायटीचे हिशेब, सगळे गेलेले. हे नुकसान लॅपटॉप बिघडल्यामुळे झालेले नसते. ते दुरुस्तीच्या घाईत झालेले असते.

यंत्र चालू करणे हे एक काम आणि त्यातल्या फायली बाहेर काढणे हे दुसरे. दुसरे काम बहुतेक वेळा पहिल्यावाचून होते आणि ते आधी करायचे असते. फायली एका लहानशा ड्राइव्हवर असतात. स्क्रीन, बॅटरी, मदरबोर्ड किंवा विंडोज यांपैकी काहीही बिघडले, तरी तो ड्राइव्ह बहुधा शाबूत असतो.

१९ जुलै २०२४ ला हे साऱ्या जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. भारतात काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. पण त्या संगणकांतला डेटा जागच्या जागी होता. सेफ मोडमध्ये जाऊन एक सदोष फाइल काढली की संगणक पूर्ववत सुरू होत होता. हाल झाले ते ज्यांचे ड्राइव्ह कुलूपबंद होते आणि कुलपाची किल्ली हाताशी नव्हती त्यांचे. या किल्लीबद्दल पुढे सविस्तर लिहितो, कारण आजच्या लॅपटॉपमध्ये खरा अडसर तोच आहे.

आधी एक सोपे काम करा. मोबाइलच्या ब्राउझरमधून तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जा आणि वनड्राइव्ह उघडा. नव्या विंडोजमध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर अनेकदा आपल्या नकळत तिथे चढत असतात. मोफत जागा ५ जीबी असते, त्यामुळे सगळे नसेल, पण महत्त्वाच्या वर्ड-एक्सेल फायली सापडू शकतात. गूगल ड्राइव्ह, पाठवलेले ईमेल, व्हॉट्सॲपवर कुणाला धाडलेल्या पीडीएफ हेही चाळा. हवी असलेली एकच फाइल असेल आणि ती इथे मिळाली, तर पुढची निम्मी काळजी मिटते.

आता लॅपटॉप नेमका कुठे अडतो ते बघा. बटण दाबल्यावर दिवा लागतो का, पंखा फिरतो का, कंपनीचे नाव पडद्यावर येते का, कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा चालू-बंद होतो का, याकडे शांतपणे लक्ष द्या. दुकानात सांगायलाही हेच उपयोगी पडते.

दिवाच लागत नसेल तर भिंतीतल्या सॉकेटपासून सुरुवात करा. त्याच सॉकेटवर मोबाइल चार्ज होतो का ते पाहा. टाइप-सी चार्जिंग असेल तर मोबाइलचा वीस वॉटचा चार्जर चालत नाही. साध्या कामाच्या लॅपटॉपलाही सहसा ४५ किंवा ६५ वॉट लागतात, तो आकडा मूळ चार्जरवर छापलेला असतो. मग चार्जर काढा, बॅटरी बाहेर निघणारी असेल तर तीही काढा आणि पॉवरचे बटण सलग तीस सेकंद दाबून धरा. आत अडकून राहिलेला विद्युतभार त्याने निघून जातो. आता बॅटरी न लावता फक्त चार्जर जोडून बघा. बॅटरी आतच बसवलेली असेल तर नुसता चार्जर पुन्हा जोडा. साधा वाटणारा हा उपाय बऱ्याचदा लागू पडतो. मात्र टचपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल, त्याचे बटण दबत नसेल किंवा तळाचा पत्रा फुगला असेल, तर बॅटरी फुगली आहे असे समजा. चार्जर लगेच काढा, पुन्हा लावू नका. ती टोचू किंवा दाबू नका आणि स्वतः उपटून काढण्याच्याही फंदात पडू नका. अशी बॅटरी पेट घेऊ शकते.

दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा आहे, अशा वेळी खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पडद्याकडे निरखून पाहा. अंधुक चित्र दिसले तर फक्त मागचा प्रकाश गेला आहे. लॅपटॉप चालू आहे आणि फायलीही सुखरूप आहेत. घरातला टीव्ही एचडीएमआय केबलने जोडा आणि विंडोजची कळ व पी एकत्र दाबा. टीव्हीवर चित्र आले तर तिथूनच सगळे पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. टीव्हीवरही काही नसेल तर रॅमचा संशय घ्यावा. कोकणात किंवा मुंबईत चार महिने हवा दमट असते, तेव्हा रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर पुटे चढतात. जुने कारागीर रॅम काढून या पट्ट्या साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसतात आणि ती पुन्हा घट्ट बसवतात. बॅटरीची जोडणी सोडवल्याशिवाय मात्र आतल्या कशालाही हात लावू नये.

पाणी किंवा चहा सांडून लॅपटॉप बंद पडला असेल, तर ‘चालू होतो का’ हे बघण्याचा मोह टाळाच. ओल्या बोर्डात वीज गेली की नुकसान वाढत जाते. चार्जर काढा, दिवा अजून लागलेला असेल तर बटण दाबून धरून तो पूर्ण बंद करा आणि त्याच दिवशी कारागिराकडे न्या. वरून कोरडा दिसला तरी आत गंज धरायला सुरुवात झालेली असते.

सर्वांत जास्त लॅपटॉप तिसऱ्या ठिकाणी अडतात. कंपनीचे नाव येते आणि पुढे ठिपके गोल गोल फिरत राहतात, किंवा निळा पडदा येतो, किंवा ‘बूट होण्याजोगे उपकरण सापडले नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश दिसतो. इथे आधी कान द्या. जुन्या प्रकारची फिरती हार्ड डिस्क असेल आणि आतून ठराविक लयीत टक-टक किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल, तर लॅपटॉप ताबडतोब बंद करा. या डिस्कमध्ये वाचणारे हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असते. ते तबकडीला टेकू लागले की प्रत्येक फेऱ्यात डेटा खरवडला जातो. अशी डिस्क फ्रीझरमध्ये ठेवणे, हलके आपटणे, झाकण उघडून बघणे हे इंटरनेटवरचे उपाय करू नका. ती धूळमुक्त खोली असलेल्या डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेतच उघडायची असते. तिथला खर्च मोठा असतो, अनेकदा नव्या डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट. तो करायचा की नाही हे तुम्ही ठरवा, पण डिस्क आणखी घासू देऊ नका.

आवाज नसेल, किंवा आत फिरता भाग नसलेली एसएसडी असेल, तर घरबसल्या बरेच करता येते. विंडोज सुरू होत असतानाच पॉवरचे बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करायचा, असे दोन-तीनदा केले की पुढच्या वेळी विंडोज स्वतःहून दुरुस्तीचा पडदा दाखवते. त्यात ‘ट्रबलशूट’ आणि मग ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ या वाटेने जा. तिथला ‘स्टार्टअप रिपेअर’ वापरायला हरकत नाही, तसेच नुकतेच आलेले अपडेट काढून टाकण्याचा पर्यायही. ‘रिसेट धिस पीसी’ला मात्र फायली बाहेर काढल्याशिवाय हात लावू नका. त्यात ‘फायली ठेवा’ असा पर्याय असला तरी दुखणाऱ्या ड्राइव्हवर एवढी मोठी उलथापालथ करणे धोक्याचे आहे. शिवाय त्यात बाहेरून टाकलेले सगळे प्रोग्रॅम जातातच.

याच पडद्यावरून फायलीही काढता येतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडा, त्यात ‘नोटपॅड’ हे इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. नोटपॅड उघडले की ‘फाइल’मधून ‘ओपन’वर जा आणि खालच्या यादीत ‘ऑल फाइल्स’ निवडा. आता त्या लहानशा खिडकीत तुमचे सगळे ड्राइव्ह दिसतील. हव्या त्या फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी करायचे आणि लावलेल्या पेनड्राइव्हवर पेस्ट करायचे. इथे ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात, नेहमीचा सी ड्राइव्ह डी म्हणून दिसेल. कॉपी चालू असताना पडदा गोठल्यासारखा वाटतो, तेव्हा घाईने काही बंद करू नका.

हेही जमले नाही तर दुसऱ्या संगणकावर ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली उतरवून घ्या. रूफस नावाचे मोफत साधन हे काम करते. पेनड्राइव्हवरचे जुने सगळे त्यात पुसले जाते, हे ध्यानात ठेवा. तो बंद लॅपटॉपला लावून बटण दाबताच बूट मेन्यूची कळ टिचकावत राहायची. डेल, लेनोवो आणि एसर यांत ती सहसा एफ१२, एचपीत एफ९, असुसमध्ये एस्केप. लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालते, लॅपटॉपच्या ड्राइव्हवर काही लिहीत नाही. पडद्यावर ‘इन्स्टॉल’ असे चिन्ह दिसेल, त्याला स्पर्शही करू नका. फायलींच्या खिडकीत तुमचा विंडोजचा ड्राइव्ह उघडा, त्यातल्या ‘यूझर्स’मध्ये तुमच्या नावाचे फोल्डर असेल, ते बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा.

मदरबोर्डच गेला असेल तर ड्राइव्ह बाहेर काढावा लागतो. अडीच इंची हार्ड डिस्क किंवा तशाच आकाराची एसएसडी असेल, तर यूएसबीला जोडणारी केबल काही शे रुपयांत मिळते. च्युइंगगमच्या पट्टीएवढी एम.२ एसएसडी असेल तर तिच्यासाठी वेगळे केसिंग लागते. त्यात साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत. टोकाला दोन खाचा असतील तर बहुधा साटा, एकच असेल तर बहुधा एनव्हीएमई. दोन्ही चालणारे केसिंग घेतले तर प्रश्न राहत नाही. ड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला जोडल्यावर ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का?’ असे विंडोजने विचारले, तर उत्तर नेहमी ‘कॅन्सल’. फोल्डर उघडायला परवानगी नाही असे म्हटले, तर ‘कंटिन्यू’ दाबून थोडे थांबा.

आता ती किल्ली. नव्या विंडोज लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केले की ड्राइव्ह अनेकदा आपोआप कुलूपबंद होतो. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात ते हेच. लॅपटॉप ठीक असतो तोवर हे जाणवतही नाही. ड्राइव्ह बाहेर काढला, मदरबोर्ड बदलला किंवा दुरुस्तीच्या पडद्यावर गेलात की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून खात्यात जा, उपकरणांच्या यादीत रिकव्हरी की शोधा आणि पडद्यावर दिसणाऱ्या की आयडीशी जुळणारी घ्या. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ती आयटी विभागाकडे मिळते. इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. लॅपटॉप घेताना दुकानातल्या मुलाने किंवा नातेवाइकाने स्वतःच्या ईमेलवरून तो सुरू करून दिला असेल, तर की त्याच्या खात्यात असण्याची शक्यता मोठी. तेव्हा आधी लॅपटॉप कोणत्या ईमेलने सुरू केला होता ते आठवा. की कुठेच नसेल तर तो डेटा कोणीही उघडू शकत नाही. ‘आम्ही बिटलॉकर तोडून देतो’ असे कुणी सांगितले तर त्याला पैसे देऊ नका. ज्यांचा लॅपटॉप आज व्यवस्थित चालू आहे त्यांनी हा लेख बाजूला ठेवून आत्ताच आपली की शोधावी आणि कागदावर उतरवून कपाटात ठेवावी.

मॅकबुकचे वेगळे आहे. २०१६ पासूनच्या टच बार असलेल्या मॅकबुक प्रोमध्ये आणि २०२० च्या अखेरीपासून आलेल्या ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकबुकमध्ये साठवणुकीच्या चिपा बोर्डावरच जडवलेल्या असतात, ड्राइव्ह बाहेर काढता येत नाही. बोर्ड मेला तर तोच पुन्हा जिवंत करावा लागतो. ॲपलच्या चिपचे यंत्र चालू होते पण मॅक ओएस उघडत नाही, असे असेल तर पॉवरचे बटण दाबून धरून स्टार्टअपचे पर्याय आणा आणि ‘शेअर डिस्क’ने केबलवरून दुसऱ्या मॅकवर फायली न्या. सेवा केंद्रात ‘रिव्हाइव्ह’ आणि ‘रिस्टोअर’ यांतला फरक विचारून घ्या. पहिल्यात डेटा राहतो, दुसऱ्यात पुसला जातो.

कॉपी करायला मिळाले की माणूस हावरटासारखा पूर्ण ड्राइव्ह निवडतो. तसे करू नका. ड्राइव्ह किती वेळ साथ देईल याचा भरवसा नसतो. पुन्हा न मिळणाऱ्या लहान फायली आधी, मग फोटो, मग व्हिडिओ, आणि चित्रपट-गाणी सर्वांत शेवटी किंवा मुळीच नाही. एखाद्या फाइलीवर कॉपी अडकली तर ती सोडून पुढे जा.

डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉपपलीकडेही बघा. टॅलीचा डेटा बऱ्याचदा ‘यूझर्स’मधल्या ‘पब्लिक’ फोल्डरात असतो आणि आतल्या कंपन्यांच्या फोल्डरांची नावे नुसते आकडे असतात. ते निरुपयोगी समजून मागे ठेवले तर दुकानाची वर्षभराची खतावणी गेली. आउटलुक वापरत असाल तर ‘आउटलुक फाइल्स’ हे फोल्डर घ्या.

मराठी टायपिंग, डीटीपी, दिवाळी अंक, लग्नपत्रिका यांचे काम करणाऱ्यांनी फॉन्ट विसरू नयेत, हे मला ठासून सांगायचे आहे. श्रीलिपी, शिवाजी, किरण, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत केलेली फाइल नव्या संगणकावर उघडली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची सरमिसळ दिसते. लोकांना वाटते फाइल खराब झाली, आणि ते ती पुसून टाकतात. फाइल चांगली असते, फक्त तो फॉन्ट त्या संगणकावर नसतो. विंडोज फोल्डरातले ‘फॉन्ट्स’ पूर्ण उचला. नव्या विंडोजमध्ये काही फॉन्ट तुमच्या नावाच्या फोल्डरातल्या दडवलेल्या ‘ॲपडेटा’तही बसतात, म्हणून दडवलेल्या फायली दिसू द्या आणि तिथलेही घ्या. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे गावोगावचे अंक, स्मरणिका, वंशावळी अजून याच फॉन्टांत पडून आहेत. त्यांची दुसरी प्रत अनेकदा कुठेही नसते.

ड्राइव्ह दिसतो पण वाचताना अडखळतो, तेव्हा विंडोजचे चेकडिस्क हे डिस्क दुरुस्तीचे साधन चालवू नका. ते ड्राइव्हवर लिहिते आणि कमकुवत डिस्कला तासन्‌तास राबवते. लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचे मोफत साधन आहे. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, अडलेल्या जागांची नोंद ठेवते आणि मग त्यांच्याकडे परत वळते. त्याने पूर्ण ड्राइव्हची प्रतिमा मोठ्या डिस्कवर घ्यायची आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतिमेवर करायचे. आज्ञा देताना मूळ ड्राइव्ह आणि नवी डिस्क यांची अदलाबदल झाली तर होते नव्हते ते पुसले जाईल, म्हणून हे काम जाणकाराला शेजारी बसवून करावे.

फॉरमॅट आधीच होऊन गेला असेल तर त्या ड्राइव्हचा वापर त्याच मिनिटाला थांबवा. हार्ड डिस्कवर झटपट (क्विक) फॉरमॅटनंतरही बराच डेटा तसाच असतो, फक्त त्याचा पत्ता पुसलेला असतो. टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही मोफत साधने तो शोधतात, मात्र फोटोरेकमध्ये फायलींची मूळ नावे परत येत नाहीत. काढलेल्या फायली त्याच ड्राइव्हवर ठेवायच्या नाहीत. एसएसडीवर आशा कमी ठेवा. पुसलेली जागा ती ट्रिम नावाच्या सोयीने स्वतःहून साफ करत असते.

दुरुस्तीला देताना शक्य असेल तर ड्राइव्ह काढून घरी ठेवा. बिजागरी, कीबोर्ड किंवा स्क्रीन बदलायला तो लागत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत बोर्डावरची एकेक चिप बदलणारे कसबी लोक आहेत, पण त्यांचे काम यंत्र चालू करणे. डेटा हवा हे त्यांना तुम्ही सांगायचे असते. पावतीवर ‘डेटा हवा आहे, फॉरमॅट करू नये’ असे लिहून घ्या आणि ड्राइव्हवरच्या अनुक्रमांकाचा फोटो काढून ठेवा. कंपनीच्या सेवा केंद्रातही डेटाची जबाबदारी घेत नाहीत, सही घेतात त्या कागदावर बहुधा ते छापलेले असते. वॉरंटीत ड्राइव्ह बदलला तर जुना सहसा परत मिळत नाही, तेव्हा तो देण्याआधी डेटा काढून घ्या. रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत तपासणीचे शुल्क किती, डेटा नाही निघाला तर पैसे द्यायचे का आणि पूर्ण रक्कम भरण्याआधी निघालेल्या फायलींची यादी दाखवणार का, हे तीन प्रश्न विचारा.

फायली हातात आल्यावर दुसऱ्या संगणकावर त्या खरोखर उघडून बघा. फक्त नाव दिसते आणि आकार शून्य असतो, असे होते. प्रत्येक फोल्डरातल्या चार-दोन फायली उघडा, व्हिडिओ शेवटपर्यंत ओढून पाहा आणि लगेच दुसऱ्या डिस्कवर आणखी एक प्रत करा. जुना ड्राइव्ह निदान काही महिने तसाच ठेवा, राहून गेलेले काहीतरी नंतर आठवतेच. तो टाकायची वेळ आली की भंगारवाल्याला किंवा एक्स्चेंजमध्ये देऊ नका. त्यावर आधारचे स्कॅन आणि बँकेची विवरणपत्रे असतात, आणि मोडका ड्राइव्ह नीट पुसता येत नाही. हार्ड डिस्क असेल तर तबकडीतून आरपार दोन-तीन भोके पाडून घ्या, एसएसडी असेल तर तिच्यावरच्या काळ्या चिपा फोडा, आणि मग ती अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या.